एकच दिवस तर ठेवली होती

दहावीची वर्गशिक्षिका होणं म्हणजे रोज सकाळी उठून थापा ऐकण्याची नोकरी. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी या वर्षात दोनदा वारली. तिसऱ्या वेळी तो पाय मुरगळल्याचं सांगत आला तेव्हा मी म्हटलं, चला, म्हणजे आजी सध्या बरी आहे. एकीला फक्त गणिताच्या तासाला चक्कर येते. दुसऱ्याचा युनिफॉर्म बाराही महिने वाळत नाही. आणि एक महाभाग तर मला तोंडावर म्हणाला, "बाई, मी काल आलो होतो, पण तुमचं लक्ष नव्हतं."

या सगळ्यांचा मला राग येतो, पण तो आपला नेहमीचा राग. खडूच्या धुळीसारखा, हात झटकला की गेला. थाप मारणाऱ्या पोराला निदान इतकं तरी कळत असतं की शाळा बुडवणं ही लपवायची गोष्ट आहे. माझं डोकं खरं फिरवलं ते एका मुलीने, आणि तिने मला एकदाही थाप मारली नव्हती.

"काल का नव्हतीस?"

"घरी काम होतं, बाई."

संपलं. रडणं नाही, पोटात दुखणं नाही, चिठ्ठी नाही. दोन दिवस यायची, एक दिवस गायब. मग तीन दिवस यायची, दोन दिवस गायब. वर्गातल्या टवाळांनी तिचं नाव पाहुणी ठेवलं होतं. ती दारात दिसली की मागचे बाक उठून उभे राहायचे, "या, या, बसा, घर आपलंच समजा!" तीही हसायची आणि बसायची. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण पोरगी हुशार होती. मी फळ्यावर गणित लिहीत असताना तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं की उत्तर तिला आधीच कळलंय हे समजायचं. अशी मुलगी वर्षातून एखादी मिळते, आणि ती मला हप्त्याहप्त्याने मिळत होती.

घरी फोन करायचा म्हटलं तर ती निराळीच तऱ्हा.

"हॅलो, आई आहे का?"

"आई दवाखान्यात ड्यूटीवर आहे, बाई." आवाज पाहुणीचाच.

"बाबा?"

"प्रेसवर आहेत. हात मोकळा नाही."

"आणि तू शाळेत का नाहीस?"

"फोनवर कुणीतरी हवं ना, बाई."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, मला खरं उत्तर मिळालं.

आणीबाणीची वेळ आली ती परीक्षेचे अर्ज भरायच्या सुमाराला. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, असा नियम. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्या नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकायच्या नाहीत. त्यांनी मला बोलावलं, पाहुणीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही आता अगदी काठावर आहे. यापुढे एक दिवस जरी चुकला तरी नाव कापणार. आणि पालकांना आणा. माझ्यासमोर हमी लिहून देऊ देत."

"पोरगी पहिल्या पाचांत येईल, बाई," मी म्हटलं.

"आधी वर्गात येऊ दे," मोठ्या बाई म्हणाल्या.

म्हणून शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढली आणि तिच्या घरी गेले. घर म्हणजे पुढे लाँड्री आणि मागे राहायच्या खोल्या. दारातून आत गेल्याबरोबर वाफेने चष्मा धुरकटला. डोक्यावर लोखंडी नळीला कोट, शर्ट, पडदे टांगलेले, प्रत्येकाला पिनेने चिठ्ठी टोचलेली. एका कोपऱ्यात हॉटेलच्या चादरींचा ढीग छातीपर्यंत. मधोमध इस्त्रीचा मोठा प्रेस, आणि त्याच्यामागे पाहुणीचे बाबा, घामाने डबडबलेले. पाहुणी काउंटरवर एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "हा डाग चहाचा आहे, जाईल. हा शाईचा आहे, फिका होईल, पण जायचा नाही. आधीच सांगते." गिऱ्हाईक मान डोलवत होतं. वर्गात तोंड न उघडणारी ती हीच का, असं मला वाटून गेलं.

बाबांनी मला पाहिलं तसा प्रेस वर उचलला आणि हात पुसत बाहेर आले.

"बाई, बरं झालं आलात. तुम्हीच हिला जरा रागवा. मी सांगून थकलो. रोज म्हणतो, शीक. या वाफेत काय ठेवलंय? मी तर हिला कधी घरी राहू देत नाही."

"कधीच नाही?"

"म्हणजे या महिन्यात एकदा. हात भाजला होता माझा. एकच दिवस तर ठेवली होती."

मला जरा बरं वाटलं. बाप समंजस दिसतोय. तेवढ्यात मागच्या खोलीतून आजीने हाक मारली. आजी खिडकीशी बसून शर्टांची तुटलेली बटणं लावत होत्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, पोर गुणाची आहे हो. पण शाळा बुडवते ते मला आवडत नाही. मी तिला कधी थांबवत नाही. माझ्या डोळ्याला इंजेक्शन द्यायचं होतं तेवढं एकदा नेलं. मुलगा डॉक्टरांशी भांडतो, सून घाईत असते. हिला नेलं की डॉक्टर काय म्हणाले ते मला नीट कळतं. एकच दिवस."

मग काका आले. त्यांच्याकडे माल पोचवायची व्हॅन होती. त्यांनी मला दाराशी गाठलं. "बाई, दादा-वहिनींना काही सांगायला जाऊ नका, पण पोरीच्या शिक्षणाची या घरात कुणालाच काळजी नाही. मला आहे. मी तिला एकदाच बरोबर नेली होती. हॉटेलसमोर गाडी लावायला जागा नसते, मी वर माल द्यायला गेलो की गाडीत कुणीतरी बसायला लागतं. एकच दिवस."

काकू कडेवर बाळ घेऊन आल्या. बाळाला ताप होता तेव्हा, एकच दिवस. बाळ दुसऱ्या कुणाकडे राहतच नाही. आणि शेवटी आई आली, दवाखान्यातली ड्यूटी संपवून, पायातले बूट काढता काढताच बोलायला लागली. तिची पाळी अचानक बदलली होती, सासूबाईंना औषध वेळेवर कुणी द्यायचं? एकच दिवस. "पण बाई, मी तिला कडक ताकीद दिलीय. पुन्हा शाळा बुडवलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

आता माझा पारा चढला. म्हटलं, सगळ्यांनी जरा इकडे या. सगळे आले. प्रेसचा सुस्कारा तेवढा चालू होता.

"तुम्ही एक दिवस ठेवली," मी बाबांना म्हटलं. "आजी, तुम्ही एक दिवस नेली. तुम्ही एक दिवस गाडीत बसवलीत. तुमच्या बाळाला एक दिवस, यांच्या औषधाला एक दिवस. पाच जणांचा एकेक दिवस. पोरीचा शाळेचा अख्खा आठवडा झाला की नाही हा? आणि हे दर महिन्याला!"

बाबा काकांकडे वळले. "तूसुद्धा नेलीस? मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? तू तर तिला प्रेसला उभी करतोस!"

"एकदाच केली!"

"वहिनी, तुम्ही म्हणाला होता की ती अभ्यासाला घरी राहिलीय," काकू आईला म्हणाल्या.

"अभ्यासालाच ठेवली होती. मधे औषध द्यायचं होतं फक्त."

आजी म्हणाल्या, "मला कुणी या घरात काही सांगत नाही." आणि बटणाची सुई त्यांनी अशी ओढली की दोराच तुटला.

मी हे सगळं बघत उभी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर यात चोर कोण हेच कळेना. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की पोरीचं नुकसान बाकीचे चौघे करताहेत. आणि ही वादावादी ऐन रंगात आली असताना पाहुणी काउंटरवरून येऊन मला विचारते, "बाई, चहा टाकू का? साखर किती?"

"चहा नको मला!" मी ओरडलेच. "तू परीक्षेला बसायला हवीस मला!" मग त्या सगळ्यांना म्हटलं, "ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. पोरगी कामाची आहे, मान्य. पण आता एक दिवस, एकच दिवस जरी ती गैरहजर राहिली तरी तिची परीक्षा बुडेल. वर्ष जाईल. परवा शाळेत या आणि मोठ्या बाईंसमोर हमी द्या."

आईने पदर नाही पण रुमाल डोळ्याला लावला. बाबा म्हणाले, "आजपासून कानाला खडा." काकांनी, काकूंनी, आजींनी, सगळ्यांनी माना डोलावल्या. निघताना मी पाहुणीला बजावलं, "परवा काहीही झालं तरी शाळेत यायचं. काहीही म्हणजे काहीही." ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. मला वाटलं, जिंकले.

हमीच्या दिवशी सकाळच्या हजेरीला तिचा बाक रिकामा. मी मनाला समजावलं, घरच्यांबरोबर येत असेल. मधल्या सुट्टीच्या थोडं आधी शिपाई सांगत आला, पालक आलेत. मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि बघतच राहिले. शाळेत पालक बोलावले तर एक येतो, तोही मागच्या दाराने. इथे पाचही जण रांगेत बसले होते. एकाला आपल्या मागे दुसरा काय कबूल करेल याचा भरवसा नव्हता, म्हणून सगळेच आले होते. कपड्यांना इस्त्री अशी कडक की मोठ्या बाईंनीसुद्धा स्वतःची बाही सरळ केली.

"छान," मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळं कुटुंब आलं. मला आनंद वाटला. आणि मुलगी?"

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले.

"मुलगी कुठे आहे?" मी विचारलं.

"घरी," आई म्हणाली.

"घरी का?"

आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच वेड्यासारखं विचारतेय. "आम्ही सगळे इकडे आलो ना, बाई. दुकानात कुणीतरी हवं. बाळ झोपलंय. आणि हॉटेलचा माणूस चादरी न्यायला येणार आहे."

मला हसावं की रडावं कळेना. शाळा का बुडते याचा जाब द्यायला घर शाळेत आलं होतं आणि पोरीला शाळा बुडवायला लावून आलं होतं. काखेत कळसा, गावाला वळसा ऐकलं होतं, इथे कळसाच घरी ठेवून सगळे गावाला आले होते.

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आज गैरहजर," त्या शांतपणे म्हणाल्या. मला त्यांचं ओरडणं परवडतं, हे शांत बोलणं परवडत नाही.

"मोठ्या बाई, सुट्टीनंतरची हजेरी अजून व्हायचीय," मी घाईने म्हटलं. "तोवर आली तर अर्धा दिवस धरतो आपण."

"आली तर," त्या म्हणाल्या.

बाबांनी लगेच फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "येते बाबा. पण प्रेस तापलेला आहे, बाळ आत्ताच झोपलंय, हॉटेलचा माणूस निघालाय. कुणीतरी या, मग मी लगेच निघते."

कुणीतरी! त्या घरात कुणीतरी म्हणजे कोण, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. बाबा काकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, मी गेलो की सगळं माझ्या गाडीवर ढकलाल, मी हमी दिल्याशिवाय हलणार नाही. काकू म्हणाल्या, मी गेले तर बाळाचंच नाव पुढे येईल. आई म्हणाली, आईशिवाय हमी कशी होईल? आजींना एकटीने रस्ता ओलांडता येत नव्हता. बाबा म्हणाले, मी घराचा कर्ता, मी कसा उठू? आणि तिकडे सुट्टीची घंटा झाली.

यांचं घोडं कुठे पेंड खातंय हे मला चांगलं कळलं होतं, आणि ते सोडवत बसायला वेळ नव्हता. मी स्कूटरची किल्ली घेतली आणि निघाले.

लाँड्रीत पाहुणी एका हाताने पावती फाडत होती आणि पायाने पाळणा हलवत होती. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"सायकल काढ आणि शाळेत पळ," मी म्हटलं.

"बाई, दुकान..."

"मी थांबते."

"तुम्ही?" तिला ते खरंच पटेना. "तुमचा तास असेल ना?"

"माझा तास मी बघते. तू निघ!"

ती दप्तर उचलून दारापर्यंत गेली आणि परत आली. "चादरी बांधून ठेवल्यात. हॉटेलचा माणूस मोजून घेईल, त्याच्यासमोरच मोजा, मागाहून कमी सांगतो. प्रेसच्या लाल दिव्याला हात लावू नका. बाळ उठलं तर बाटली फडताळात आहे, पण आधी खांद्यावर घ्या, बाटली मग. आणि राखाडी कोटाचा माणूस आला तर..."

"जा गं बाई!" मी तिला अक्षरशः बाहेर ढकललं.

पुढचा तासभर कसा गेला हे मी सांगत नाही, सांगितलं तर वर्गात माझा धाक उरणार नाही. हॉटेलच्या माणसाने चादरी कमी सांगितल्याच, मी पुन्हा मोजायला लावून त्याची सही घेतली. राखाडी कोटाचा माणूस आला आणि त्याने मला राखाडी रंगाचे किती प्रकार असतात ते दाखवून दिलं. बाळ उठलं. मी आधी बाटली दिली, मग खांद्यावर घेतलं, आणि ते सगळं दूध माझ्या खांद्यावर आलं. फोन वाजत राहिला. तिकडे शाळेत माझा वर्ग गणिताशिवाय बसला होता, म्हणजे आनंदात बसला होता. पण हळूहळू मला जमायला लागलं. चिठ्ठीवरचा नंबर आणि टांगलेला कपडा यांची सांगड लागली. बाळ माझा चष्मा ओढत शांत झालं. दोन गिऱ्हाइकं तर मला मालकीणबाई म्हणून गेली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग व्हॅनचा आवाज आला आणि सगळे आत शिरले. सगळ्यांचे चेहरे फुललेले. पोरगी वेळेवर पोचली होती, सुट्टीनंतरच्या हजेरीला उभी राहिली होती. मोठ्या बाईंनी तिला तडक वर्गात पाठवलं आणि पाचही जणांकडून हमी लिहून घेतली. वर म्हणे दारात तिला बघून काका पहिल्यांदा ओरडले ते, "अगं, तू इथे, मग दुकानात कोण?"

मग सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. बाबा हात जोडून उभे राहिले. आईने चहा टाकला. आजींनी माझ्या खांद्यावरचं दूध ओल्या फडक्याने पुसलं, डाग राहणार नाही म्हणाल्या. काकू तर बाळाकडे बघतच राहिल्या. "बाई, हे कुणाकडे राहत नाही हो! तुमच्याकडे कसं गुपचूप आहे बघा. तुमच्या हातालाच गुण आहे."

"आणि चादरी पण बरोबर मोजून दिल्या," बाबा म्हणाले. "तो माणूस आम्हाला दरवेळी फसवतो."

"बाईंचं कामच नीटनेटकं," आजी म्हणाल्या.

मी चहा पीत होते. माझ्या घरी मी एकटी असते. चांगलं काम केलंत असं मला शेवटचं कोण म्हणालं होतं, आठवत नव्हतं. तेवढ्यात काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, एक विचारू? परवा मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. पोरीला तर आता आम्ही ठेवणार नाही, शब्द दिलाय. तुमची शाळा लवकर सुटते ना परवा? तासभर बाळाला बघाल का? एकच दिवस."

'हो' माझ्या जिभेवर आलेलं होतं. अगदी दातांपर्यंत. सगळे माझ्याकडे आशेने बघत होते. कुणी हुकूम सोडत नव्हतं, कुणी डोळे वटारत नव्हतं. नुसती माया होती, आणि ती खरी होती. अशा लोकांना नाही म्हणायला काय लागतं ते मला तेव्हा कळलं, या वयात.

"नाही," मी म्हटलं. "मला जमणार नाही."

खोलीतली हवाच बदलली. काकूंचा चेहरा मी थोबाडीत मारल्यासारखा झाला. त्यांनी बाळ माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. "राहू दे गं," आजी म्हणाल्या, "बाईंना कशाला आपला त्रास." आई माझ्यापुढची कपबशी उचलून घेऊन गेली, चहा अर्धा होता. बाबा प्रेसकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "तासाभराचंच तर म्हणत होती ती, बाई."

मी तिथून निघाले. स्कूटर चालू केली आणि सरळ शाळेत आले. शाळेत मोठ्या बाईंनी माझी खरडपट्टी काढली. वर्ग सोडून गेले होते, ती काढणं योग्यच होतं.

शाळा सुटल्यावर जिन्यात पाहुणी माझी वाट बघत उभी होती. "बाई, बाळ रडलं का?"

"बाळ मजेत आहे. तू इकडे ये." मी तिला बाजूला घेतलं. दिवसभराचा वैताग माझ्यात साठलेला होता आणि तो काढायला हीच सापडली. "हमी-बिमी सगळं ठीक आहे, पण तुझ्या घरच्यांना चार दिवसांनी तिचा विसर पडेल. ते पुन्हा विचारतील. तुलाच नाही म्हणायला शिकायला हवं. सरळ तोंडावर नाही म्हणायचं! त्यात काही अवघड नसतं. मी आत्ताच तुझ्या काकूला म्हणून आले. आभाळ कोसळलं का?"

तिने ते नीट ऐकून घेतलं, वर्गात ऐकते तसं. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणून निघून आलात, बाई. मला आज रात्री तिथेच जेवायचंय."

एवढं बोलून ती सायकलकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेच्या आधी ती बाकावर बसलेली होती. डोळे सुजलेले होते. मागच्या टवाळांपैकी कुणीही उठून या-बसा केलं नाही, तिच्याकडे बघून त्यांनाही काहीतरी समजलं असावं.

मी तिच्या बाकापाशी गेले. "काय झालं?"

"काका हॉटेलात नेणार होते आज. मी नाही म्हटलं."

"मग?"

"काही नाही. कुणी रागावलं नाही."

"जेवलीस ना रात्री?"

"जेवले," ती म्हणाली आणि गणिताचं पुस्तक उघडायला लागली. "एकटीच."